उथळ पाण्यातली शेवाळाची नक्षी: कडा, झाकण आणि प्रवाह (प्रकल्प नोंदी)

४ जानेवारी २०२५: प्रश्न आणि सुरुवातीचे आकडे

एकपेशी हिरव्या शेवाळाचं दाट पाणी उथळ भांड्यात ओतून स्थिर ठेवलं की काही मिनिटांत त्यात गडद ठिपके आणि रेघा उमटतात. हॅरॉल्ड वेजर यांनी १९११ मध्ये युग्लिना या एकपेशी जीवामध्ये हे सविस्तर नोंदवलं. जॉन प्लॅट यांनी १९६१ मध्ये याच प्रकाराला 'जैवसंवहन' हे नाव दिलं. पेशी वरच्या दिशेने पोहतात, पण त्या पाण्याहून थोड्या जड असतात. त्यामुळे वरचा थर हळूहळू खालच्यापेक्षा जड होतो आणि एका मर्यादेनंतर धारा होऊन खाली कोसळतो.

आमचा प्रश्न असा: दोन धारांमधलं अंतर आणि त्यांची मांडणी यात पेशींचा हात किती आणि भांड्याचा किती? खोली, झाकण, बाजूच्या भिंती आणि बाहेरून दिलेला मंद प्रवाह हे चार घटक एकेक करून बदलायचे आणि पेशी तीच ठेवायची, असा बेत आहे.

जीव: क्लॅमिडोमोनास राइनहार्टी, वाण सीसी-१२५. पेशीचा व्यास सुमारे १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पोहण्याचा वेग सेकंदाला सुमारे १०० मायक्रॉन, घनता पाण्यापेक्षा साधारण ५ टक्के जास्त.

एका पेशीचं घनफळ सुमारे ५२० घन मायक्रॉन. मिलिलिटरला २० लाख पेशी धरल्या तर पाण्यातला त्यांचा वाटा हजारात एक भाग होतो, आणि एकूण घनता वाढते फक्त लाखात पाच भागांनी. २५ अंशांच्या पाण्यात एवढाच फरक पडायला तापमान ०.२ अंशांनी बदललं तरी पुरतं. हा आकडा भिंतीवर लावून ठेवला आहे. दिव्याची ऊब, बाष्पीभवनाचा गारवा, हाताचा स्पर्श, यांतलं काहीही शेवाळाएवढा जोर लावू शकतं.

पेशी वर गोळा झाल्यावर मात्र चित्र पालटतं. ४ मिमी खोलीतल्या सगळ्या पेशी वरच्या ०.८ मिमीत आल्या तर तिथली संख्या पाचपट होते आणि घनतेतला फरक १ अंशाच्या तापमानफरकाएवढा होतो. नक्षी उमटते ती या जोरावर.

९ जानेवारी: पेशी वाढवणं आणि मोजणं

माध्यम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रावण, टॅप (ट्रिस, ॲसिटेट, फॉस्फेट), पीएच ७.०, तापमान २५ अंश, १४ तास उजेड आणि १० तास अंधार, मंद हलवणारा शेकर. संख्या मिलिलिटरला ३० ते ५० लाखांच्या दरम्यान असताना पेशी वापरायच्या. त्यापुढे गेलेल्या जुन्या कल्चरमध्ये पोहणाऱ्या पेशींचं प्रमाण घसरतं आणि गुठळ्या होतात. गुठळी एका पेशीपेक्षा कितीतरी वेगाने बुडते आणि तळाला ठिपके करते. वरून घेतलेल्या फोटोत ते धारांसारखेच दिसतात.

मोजणी हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच). ल्युगॉल आयोडिनचा एक थेंब टाकून पेशी थांबवायच्या, चारपट पातळ करायचं, चार कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांची सरासरी काढायची. सरासरी ५० आली तर ५० × ४ × १०,००० म्हणजे मिलिलिटरला २० लाख. आयोडिन न घालता वेगळा थेंब पाहून पोहणाऱ्या पेशींचं प्रमाण नोंदवायचं. ८५ टक्क्यांच्या खाली असेल तर ते कल्चर त्या दिवशी वापरायचं नाही.

दाट करण्यासाठी सेंट्रीफ्यूजपेक्षा कापूस बरा. लांब मानेच्या फ्लास्कमध्ये मानेपर्यंत कल्चर भरायचं, मानेत कापसाचा सैल बोळा बसवायचा आणि त्यावर पेशी गाळून काढलेलं त्याच कल्चरचं पाणी हळूच सोडायचं. रात्रभरात पोहणाऱ्या पेशी कापसातून वर येतात, मेलेल्या आणि गुठळलेल्या खाली राहतात. जोरात फिरवलेल्या सेंट्रीफ्यूजमध्ये कशाभिका (पेशी ज्यांनी पोहते ते शेपटीसारखे धागे) तुटतात आणि पेशी तासभर तरी कामातून जातात.

पातळ करायला ताजं माध्यम घेऊ नये. २० लाख पेशींमुळे लिटरमागे घनता वाढते ती फक्त ०.०५ ग्रॅम. लिटरमागे ०.०७ ग्रॅम मीठ जास्त झालं तरी तेवढाच फरक पडतो. ताजं आणि वापरलेलं माध्यम यांच्यात क्षारांचा एवढा फरक सहज असतो आणि नीट न मिसळलेले पट्टे तासभर टिकतात. म्हणून त्याच कल्चरचं गाळलेलं पाणी, त्याच तापमानाला.

१५ जानेवारी: उजेड, कॅमेरा, उष्णता

ही पेशी प्रकाशाकडे वळते. तिचा प्रकाशग्राही ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो. ६६० नॅनोमीटरचा लाल एलईडी दोन कामं करतो: पेशींना दिशा देत नाही आणि हरितद्रव्य तो भरपूर शोषत असल्याने फोटोत फरक स्पष्ट उमटतो. खोलीत बाकी उजेड बंद. खिडकीच्या फटीतून आलेला पट्टासुद्धा अर्ध्या तासात सगळं शेवाळ एका बाजूला ओढतो.

एलईडी पॅनेल भांड्याखाली २० मिमीवर ठेवलं तेव्हा दहा मिनिटांत तळ वरच्या पाण्यापेक्षा ०.६ अंशांनी गरम झाला. तळ तापलेला आणि वरचा पृष्ठभाग मोकळा असेल, तर संवहन (गरम पाणी वर, गार पाणी खाली असं फिरणं) सुरू व्हायला रेले संख्या (उष्णतेचा जोर पाण्याच्या चिकटपणावर किती भारी पडतो याचं माप) ११०० ओलांडावी लागते. त्यावरून लागणारा तापमानफरक: ४ मिमी खोलीला ०.९ अंश, ६ मिमीला ०.२६ अंश, ८ मिमीला ०.११ अंश. खोलीच्या घनाने हा आकडा घसरतो. म्हणजे ४ मिमीत जो दिवा निरुपद्रवी, तोच ८ मिमीत शेवाळाशिवाय स्वतःची नक्षी काढतो.

उपाय: पॅनेल १५० मिमी खाली, मध्ये दुधी ॲक्रिलिकचा पत्रा, आणि दिवा कॅमेऱ्याच्या शटरबरोबर दर २ सेकंदांनी क्षणभरच पेटवायचा. आता अर्ध्या तासात तळ आणि वरच्या पाण्यातला फरक थर्मोकपलच्या वाचनक्षमतेखाली, म्हणजे ०.०५ अंशाच्या आत राहतो.

१८ जानेवारी: शेवाळाशिवाय काय दिसतं

तीन नियंत्रण चाचण्या, तिन्ही ४ मिमी खोलीत.

पहिली, नुसतं पाणी आणि मोजके मागकण (प्रवाह दिसावा म्हणून टाकलेले बारीक कण). हालचाल दिसली तर ती तापमानाची किंवा हवेची. उघड्या भांड्यावर एसीचा झोत येत होता तेव्हा वरच्या थरात सेकंदाला १०० मायक्रॉनच्या आसपास वेग दिसला, जवळपास शेवाळाच्या पोहण्याएवढा. पारदर्शक खोका पालथा घातल्यावर थांबला.

दुसरी, पॉलिस्टायरिनचे १० मायक्रॉनचे मणी. यांची घनता १.०५, म्हणजे न पोहणारी पेशीच जणू. २५ मिलिलिटरमध्ये मिलिलिटरला २० लाख मणी हवे असतील तर अडीच टक्क्यांच्या द्रावणातलं सुमारे १.१ मिलिलिटर लागतं. मणी सेकंदाला ३ मायक्रॉन या गतीने खाली बसतात, ४ मिमीला सुमारे २२ मिनिटं. नक्षी नाही. तळावर सारखा थर.

तिसरी चाचणी जास्त बोलकी. ०.५ मोलर ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकत कल्चरचा पीएच ४.५ वर आणायचा, मिनिटभर थांबायचं, ०.५ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडने परत ७ वर न्यायचा. पेशी कशाभिका टाकून देतात पण जिवंत राहतात. भांड्यात ओतल्यावर नक्षी उमटली नाही, पेशी मण्यांसारख्या खाली बसल्या. साधारण दीड-दोन तासांत कशाभिका परत वाढतात. तेव्हा तेच भांडं हलवून ठेवलं आणि नक्षी आली. पाणी तेच, क्षार तेच, पेशीही त्याच. पोहणं तेवढं परत आलं होतं.

२३ जानेवारी: साध्या पेट्री डिशची अडचण

९० मिमीची डिश मोजमापासाठी कामाची नाही. कारणं तीन.

काठाशी पाणी भिंतीवर चढतं. पाण्याची केशिका लांबी (पृष्ठताण वजनाला तोलून धरतो तेवढं अंतर) २.७ मिमी आहे, त्यामुळे काठापासून ५-६ मिमीपर्यंत पृष्ठभाग वाकलेला राहतो. ३-४ मिमी खोलीत म्हणजे काठची खोलीच वेगळी. शिवाय तो वाकलेला भाग भिंगासारखा वागून फोटोत चकचकीत कडं काढतो.

प्लॅस्टिकच्या डिशचा तळ सपाट नसतो, मध्ये फुगीर असतो.

आणि समतळ. अर्ध्या अंशाचा कल असेल तर ८६ मिमी अंतरात खोलीत ०.७५ मिमीचा फरक पडतो, ४ मिमीच्या थरात जवळपास पाचवा हिस्सा. तीन एम-६ स्क्रूंवरचा ॲल्युमिनियमचा तक्ता केला. स्क्रूचा एक फेरा म्हणजे १ मिमी, त्यामुळे आठव्या भागाच्या फेऱ्यानेही कल दिसण्याइतका सुधारतो.

त्याऐवजी काचेच्या तुकड्यावर ॲक्रिलिकचं कडं सिलिकॉनने चिकटवलं: आतला व्यास ८० मिमी, वरची कड धारदार आणि काटकोनात. उंची २, ३, ४, ६ आणि ८ मिमी. पाणी कडेला टेकेपर्यंत भरलं की ते तिथेच अडकतं आणि पृष्ठभाग आरशासारखा सपाट होतो. ४ मिमीच्या कड्याला २०.१ मिलिलिटर लागतं, पिपेटने मोजूनच.

२९ जानेवारी: खोली बदलून

मिलिलिटरला २० लाख पेशी, उघडा पृष्ठभाग, वर पालथा खोका.

सुरुवातीला मिसळण्याची पद्धत सगळ्यांत नाजूक. भांडं गोल फिरवून हलवलं तर पाण्यात भोवरा उरतो आणि नक्षी सर्पिल येते. ती शेवाळाची नसते, हाताची असते. आडवं-उभं, दोन काटकोनी दिशांनी झुलवायचं. ४ मिमी थरातली उरलेली हालचाल ७ सेकंदांत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते, अर्ध्या मिनिटात संपल्यात जमा. ८ मिमीला हाच काळ चौपट, २९ सेकंद. तिथे जुनी हालचाल पुरती मरायच्या आत नवी नक्षी सुरू होते, त्यामुळे ८ मिमीचे आकडे जरा सैल हातानेच घ्यावेत.

निरीक्षणं, पहिली स्पष्ट नक्षी दिसल्यानंतर मिनिटभराने:

२ मिमी: पंधरा मिनिटांत काही नाही. पृष्ठभागाखाली हिरवा पापुद्रा, बस्स.
३ मिमी: अंतर ५.० मिमी.
४ मिमी: ६.२ मिमी.
६ मिमी: ८.३ मिमी.
८ मिमी: १० मिमीच्या आसपास.

अंतर खोलीबरोबर वाढतं, पण सरळ प्रमाणात नाही. खोली ३ वरून ६ वर नेली तरी अंतर दुप्पट झालं नाही. कारण समजायला सोपं आहे: पेशींचा वरचा जड थर किती जाड हे पोहण्याचा वेग आणि पेशींचं भटकणं यांवर ठरतं. तो अर्ध्या ते एक मिलिमीटरचा असतो, आणि भांडं खोल झालं म्हणून जाड होत नाही. म्हणजे इथे लांबीची मोजपट्टी एक नाही, दोन आहेत. एक भांड्याची, एक पेशीची.

वेळ गेली की मोकळ्या जागांत नव्या धारा घुसतात आणि अंतर कमी होतं. दहाव्या मिनिटाचं अंतर पहिल्या मिनिटाच्या अंतराशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहायचीच.

३ फेब्रुवारी: झाकण

४ मिमीच्या कड्यावर काच सरकवून बसवली. कड्याच्या बाजूने किंचित जास्त पाणी फुगवून ठेवायचं आणि काच एका टोकाकडून आडवी सरकवत आणायची. वरून ठेवली तर बुडबुडा हमखास अडकतो, आणि बुडबुड्याभोवती पेशींचं कडं जमून धार तिथूनच सुरू होते.

झाकणाखाली काचेला लागून पाण्याचा वेग शून्य. उघड्या पृष्ठभागावर पाणी बाजूला सरकायला मोकळं. नक्षीतलं अंतर ६.२ वरून ५.६ मिमीवर आलं आणि उमटायला वेळही जास्त लागला. तापमानाच्या संवहनातही हाच कल आहे: वर-खाली दोन्हीकडे घट्ट सीमा असेल तर रेले संख्येचा उंबरठा ११०० वरून १७०८ वर जातो आणि अंतर खोलीच्या २.३ पटींवरून २.० पटींवर येतं.

यात एक मेख आहे. 'उघडा' पृष्ठभाग खरोखर मोकळा असेलच असं नाही. शेवाळाच्या पाण्यात प्रथिनं आणि पेशींचा कचरा असतो, त्याची साय पृष्ठभागावर धरते आणि पृष्ठभाग अदृश्य झाकणासारखा आखडतो. तपासणी अशी: लायकोपोडियमची (एका वनस्पतीच्या बीजाणूंची) चिमूटभर भुकटी भुरभुरायची. धारेच्या दिशेने कण सरकले तर पृष्ठभाग मोकळा, जागच्या जागी थिजले तर साय धरलेली. अर्धा तास उघड्या राहिलेल्या भांड्यात कण थिजलेलेच मिळाले आणि अंतरही झाकणवाल्या भांड्याच्या जवळ आलेलं होतं. साय काढायला ड्रॉपरचं टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवून वरचं पाणी ओढून घ्यायचं आणि तेवढंच परत भरायचं. पुसायला टिश्यू पेपर नको, त्याचे तंतू सुटतात.

यापुढे प्रत्येक फोटोच्या नावात वरच्या सीमेचा प्रकार: मोकळी, साय, काच.

१० फेब्रुवारी: लहान विहिरी आणि पृष्ठभागाचा बाक

विहिरी म्हणजे छोटे गोल खळगे: १२ मिमी व्यास, ४ मिमी खोल. एवढ्याशा जागेत एखाद-दुसरीच धार मावते, त्यामुळे काठाचा परिणाम नागडा दिसतो.

विहीर काठोकाठ न भरता थोडी कमी भरली की पाणी भिंतीवर चढतं आणि पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो. वर पोहणाऱ्या पेशी पृष्ठभागाला टेकल्या की उताराने त्याच्या सर्वांत उंच जागी सरकतात, म्हणजे भिंतीकडे. तिथे गडद कडं जमतं आणि भिंतीला धरून खाली उतरतं. मध्ये पाणी वर येतं. वरून पाहिलं तर हिरवी अंगठी.

विहीर किंचित जास्त भरली, कडेच्या वर ०.३ मिमी फुगवटा. आता सर्वांत उंच जागा मध्यभागी. अंगठी नाही, मधोमध एकच गडद धार, आणि भिंतीलगत पाणी वर.

तीच पिपेट, तेच कल्चर, ५० मायक्रोलिटरच्या आतबाहेरचा फरक, आणि प्रवाहाची दिशा पुरती उलटी. सपाट भरलेल्या विहिरीत कधी हे, कधी ते. बहुविहिरी प्लेटमध्ये शेजारच्या दोन विहिरी वेगळं वागतात म्हणून जनुकीय कारण शोधायला निघण्याआधी बाजूने वाकून पृष्ठभाग पाहावा.

१७ फेब्रुवारी: नळीतली चाचणी

पेशी फक्त वर पोहतात की प्रवाहाने वळतातही, हे पुढच्या कामाआधी ठरवणं गरजेचं. जॉन केसलर यांनी १९८५ मध्ये दाखवलं की उभ्या नळीत पाणी खाली वाहत असेल तर या पेशी मधोमध गोळा होतात आणि वर वाहत असेल तर भिंतीकडे जातात. पेशीचं जड टोक तिला सरळ ठेवू पाहतं, कर्तन (पाण्याच्या शेजारच्या थरांच्या वेगांतला फरक) तिला कलतं करतं, आणि ती कलत्या दिशेने पोहत जाते.

काचेची नळी, आतला व्यास ४ मिमी, लांबी २०० मिमी, प्रवाह खाली, मिनिटाला ०.३ मिलिलिटर. सरासरी वेग सेकंदाला ०.४ मिमी, भिंतीशी कर्तनदर सेकंदाला ०.८. दोन-तीन मिनिटांत मधोमध गडद दोरा. पंप उलटा केला की दोरा विस्कटतो आणि भिंतीकडची बाजू गडद होते. मण्यांत यांतलं काहीच नाही.

डिशमधल्या नक्षीसाठी याचा अर्थ असा की धार एकदा खाली उतरू लागली की आजूबाजूच्या पेशी आपोआप तिच्यात खेचल्या जातात. वरचा थर उलटण्याच्या जोडीला हे दुसरं इंजिन.

२४ फेब्रुवारी: प्रवाहाची चॅनल

लांबी ३०० मिमी, रुंदी ४० मिमी, खोली ४ मिमी. तळ आणि छत काच, बाजूला ॲक्रिलिक, मध्ये सिलिकॉनची गॅस्केट. आतलं घनफळ ४८ मिलिलिटर.

प्रवेशाशी एकच नळी थेट जोडली तर पाणी मधून झोतासारखं जातं आणि दोन्ही कोपऱ्यांत भोवरे राहतात. आडवी पट्टी बसवून तिला १ मिमीची भोकं पाडली. काचेच्या मण्यांचा थर प्रवाह जास्त छान पसरवतो, पण त्यात शेवाळ अडकतं.

पंप सिरिंजचाच. पेरिस्टाल्टिक पंपाचे (रोलरने नळी दाबत पाणी ढकलणाऱ्या) ठोके मंद प्रवाहात फोटोत मोजता येतील इतके दिसतात आणि रोलरखाली पेशी चिरडल्या जातात. पण सिरिंजचीही खोड आहे: आडव्या सिरिंजमध्ये पेशी वरच्या बाजूला गोळा होतात आणि तासाभरात चॅनलमध्ये जाणारी संख्या घसरत जाते. सिरिंजमध्ये लहानसा चुंबकी गोळा टाकून बाहेरून अधूनमधून हलवत ठेवला. बाहेर पडणाऱ्या पाण्याची दर पंधरा मिनिटांनी मोजणी.

भरताना चॅनल २० अंश कलती, निर्गमाचं तोंड वर, माध्यम आधी निर्वातात ठेवून विरघळलेली हवा काढलेली. एक बुडबुडा अडकला तर त्याच्यामागे ३०-४० मिमीपर्यंत नक्षी बिघडते. प्रवाह पाहायला खाण्याचा रंग वापरू नये, त्याची घनता शेवाळाच्या परिणामाहून मोठी असते आणि तो तळाशी पसरतो. मागकणच वापरावेत.

३ मार्च: रुंद चॅनल, प्रवाहासह

४० × ४ मिमीच्या छेदात मिनिटाला १ मिलिलिटर म्हणजे सरासरी सेकंदाला १०४ मायक्रॉन, तळ आणि छताशी कर्तनदर सेकंदाला ०.१६. पेशीला सरळ व्हायला लागणारा काळ या गटातल्या पेशींसाठी ३.४ सेकंद धरला, तर तिचा कल किती येईल हे लगेच निघतं: कलाची ज्या (साइन) म्हणजे कर्तनदर गुणिले हा काळ. गुणाकार १ च्या पुढे गेला की पेशी सरळ राहू शकत नाही, कोलांट्या खाते.

मिनिटाला ०.२५ मिलिलिटर: कल ८ अंश. ठिपके तसेच, फक्त प्रवाहाबरोबर वाहतात, मिनिटाला १.६ मिमीच्या आसपास. हा सरासरी प्रवाहाचाच वेग, कारण धार वरपासून तळापर्यंत पसरलेली असते.

०.५ मिलिलिटर: कल १५ अंश. ठिपके लांबट होतात, मागे शेपूट येतं.

१ मिलिलिटर: कल ३२ अंश. प्रवाहाच्या दिशेने सलग रेघा, रुंदीत सहा. अंतर ६ मिमीच्या आसपास.

२ मिलिलिटर: गुणाकार १.०६. रेघा पुसट, प्रवेशाकडच्या १०० मिमीत जवळजवळ नाहीतच.

४ मिलिलिटर: नक्षी नाही. सगळीकडे सारखा हिरवा रंग.

कर्तन सर्वांत जास्त असतं ते नेमकं छताशी, जिथे पेशींना गोळा व्हायचं असतं. २ मिलिलिटरला छताजवळच्या पेशी कोलांट्या खाऊ लागतात, मध्यावरच्या अजून वर पोहतच असतात. त्यामुळे पेशींचा थर छताला न टेकता थोडा खाली अडकतो. समुद्रातल्या पातळ प्लवक थरांसाठी डरहॅम, केसलर आणि स्टॉकर यांनी २००९ मध्ये हीच यंत्रणा मांडली.

पेशी मेल्या म्हणून नक्षी गेली, अशी शंका येऊ शकते. ४ मिलिलिटरवर अर्धा तास ठेवून पंप बंद केला, तीन-चार मिनिटांत पूर्ण चॅनलभर ठिपके.

११ मार्च: अरुंद चॅनल, भिंती विरुद्ध प्रवाह

आत ॲक्रिलिकच्या पट्ट्या टाकून रुंदी १२ मिमीवर आणली.

इथे सरासरी वेग सारखा ठेवून चालत नाही. बाजूच्या भिंती पाण्याला अडवतात, त्यामुळे तेवढ्याच सरासरी वेगाला मधलं कर्तन वाढतं. यासाठीचा गुणक साधारण १ वजा ०.६३ गुणिले खोली भागिले रुंदी: रुंद चॅनलसाठी ०.९४, अरुंदसाठी ०.७९. म्हणून रुंद चॅनलच्या ०.५ मिलिलिटरशी तुलना करायला अरुंदमध्ये ०.१५ नव्हे, ०.१२६ लावायचं.

प्रवाह शून्य असताना अरुंद चॅनलमध्ये आडव्या रेघा येतात, एका भिंतीपासून दुसरीपर्यंत, लांबीला काटकोनात. तापमानाच्या संवहनातही लांबट खोक्यात वळकट्या आखूड बाजूला समांतर राहतात. प्रवाहाला रेघा उभ्या, म्हणजे आपल्या दिशेने हव्या असतात. इथे दोघांची सरळ ओढाताण.

०.५ च्या बरोबरीच्या प्रवाहात रुंद चॅनलमध्ये ठिपके केव्हाच लांबले होते. अरुंदमध्ये आडव्या रेघा टिकून राहिल्या, फक्त मध्ये पुढे फुगून धनुष्यासारख्या वाकल्या आणि एकामागोमाग वाहत गेल्या. १ च्या बरोबरीला रेघा मधोमध तुटल्या आणि दोन उभ्या रेघा उरल्या, भिंतींपासून प्रत्येकी सुमारे ३ मिमीवर. मधल्या मूल्यांना दोन्ही प्रकार एकाच वेळी दिसतात: प्रवेशाकडे उभ्या, निर्गमाकडे आडव्या. हा भाग सरासरी काढून झाकू नये. लांबीचे तीन तुकडे वेगळे मोजले.

१८ मार्च: प्रतिमांचं विश्लेषण

पायथॉनमध्ये, या क्रमाने: नक्षी येण्याआधीच्या वीस फ्रेमच्या सरासरीने प्रत्येक फ्रेमला भागायचं, लॉगरिदम घ्यायचा (म्हणजे उजेड थेट पेशीसंख्येच्या प्रमाणात येतो), ५० मिमीचा मधला चौकोन कापायचा, हॅन विंडो लावायची (चौकोनाच्या कडा हळूहळू फिक्या करणारं गणित), द्विमितीय फूरिये (नक्षीत कोणतं अंतर किती जोरात येतं ते काढणारं), मग वर्तुळाकार सरासरी.

५० मिमीच्या चौकोनात आठवं शिखर (म्हणजे त्यात आठ आवर्तनं) म्हणजे ६.२ मिमी, पण त्याची खरी रुंदी ५.९ ते ६.७. वर दिलेले सगळे आकडे एवढ्याच खात्रीचे. ८ मिमी खोलीला शिखर पाचवं येतं, म्हणजे ९.१ ते ११.१ मधलं काहीही. पहिलं-दुसरं शिखर मोठं दिसलं तर ते जवळजवळ नेहमी असमान उजेडाचं असतं. चौकोनात काठ आला तर काठाचं चकचकीत कडं संपूर्ण वर्णपटात पसरतं.

चॅनलसाठी वर्तुळाकार सरासरी घेऊ नये, दिशाच हरवते. प्रवाहाच्या दिशेची आणि आडवी अशा दोन पट्ट्यांतली ऊर्जा वेगळी काढून त्यांचं गुणोत्तर वेळेनुसार मांडलं. आडव्यापासून उभ्या रेघांकडे जाणं त्यात स्पष्ट दिसतं.

२५ मार्च: उतरता तळ, आणि धुणं

तळाला पाचर बसवून १०० मिमी लांबीत खोली १ ते ६ मिमी केली. एकाच भांड्यात उंबरठा दिसतो: २.३ मिमीच्या खालच्या भागात नक्षी नाही. पण तळ उतरता असल्याने खोल बाजूचं अभिसरण उथळ बाजूचं पाणीही ओढतं, म्हणून हा आकडा सपाट भांड्याच्या उंबरठ्यापेक्षा थोडा कमी येईल असं धरून चालतो. पडताळणीसाठी २.२, २.४ आणि २.६ मिमीची सपाट कडी कापायला दिली आहेत.

बंदिस्त जागेचा असाच पगडा इतर जीवांतही आहे, फक्त मोजपट्टी वेगळी. बॅसिलस सटिलिस या जिवाणूचं दाट द्रावण तेलातल्या ३० ते ७० मायक्रॉनच्या चपट्या थेंबात कोंडलं की त्याचा एकच स्थिर भोवरा होतो आणि काठाशी उलट दिशेने फिरणारा पातळ थर राहतो. थेंब मोठा झाला की भोवरा मोडतो. तिथे पेशींचं वजन बिनमहत्त्वाचं असल्याने इथले ठोकताळे जसेच्या तसे नेऊ नयेत.

धुण्याबद्दल: चॅनल आणि कडी १० टक्के ब्लीचमध्ये अर्धा तास, मग पाण्याने किमान पाच वेळा, शेवटी डिस्टिल्ड. ब्लीचचा अंश राहिला तर पुढच्या कल्चरमध्ये पोहणाऱ्या पेशी कमी भरतात आणि दोष वाणावर जातो. साबण नको, त्याने पृष्ठताण बदलतो आणि पाणी धारदार कडेला अडकत नाही. इथेनॉलने फक्त काच पुसायची. ॲक्रिलिकला लावलं की कापलेल्या कडांपाशी बारीक भेगांचं जाळं येतं, आणि पाणी सपाट अडकायला लागणारी धारच जाते.